१७व्या शतकात युरोपात जखमेऐवजी तलवारीला मलम लावायचे, हे खरं आहे का? आणि गुण कसा यायचा?

हो, खरं आहे, आणि चांगली शिकलेली माणसंही ते मानत. कवटीवरचं शेवाळ, माणसाची चरबी, रक्त असलं काहीबाही घालून केलेलं मलम हत्याराला चोपडायचं. हत्यारावरच्या रक्ताची ओढ दूरच्या जखमेपर्यंत पोचते, लोहचुंबकासारखी, अशी समजूत.

सर केनेल्म डिग्बी या इंग्रज दरबाऱ्याचा किस्सा तर झकास आहे, फक्त त्यात तलवारीऐवजी जखमेची पट्टी होती. जेम्स हॉवेल हा इंग्रज लेखक भांडण सोडवायला मध्ये पडला आणि हात कापून बसला. डिग्बीने रक्ताने माखलेली पट्टी मागवली, परातीत व्हिट्रिऑलची (बहुधा हिराकस) पूड पाण्यात विरघळवून त्यात ती बुडवली. म्हणे तिकडे हॉवेलची आग तत्काळ शमली! पट्टी शेकोटीपुढे वाळवली, तर नोकर धावत आला: मालकांचा ठणका परत सुरू झालाय. हे सगळं डिग्बीच्याच तोंडून, १६५८ साली छापलेल्या व्याख्यानात. त्यामुळे थोडं तिखटमीठ त्याचंच समजा.

गुण यायचा त्याचं कारण साधं: जखम नुसती स्वच्छ कापडात बांधून ठेवायचे. एरवी वैद्य त्यावर जे लेप थापत, त्यांतून ती वाचायची. विरोधही होताच, विल्यम फॉस्टर या पाद्र्याने १६३१ मध्ये याला सैतानी जादू ठरवलं.