बांडगुळावरचं बांडगूळ

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विषाणू स्वतःच परजीवी, मग झाडांत त्या विषाणूच्याही जिवावर जगणारे जनुकीय तुकडे खरंच असतात का, ते बदलत कसे जातात, आणि रोगाविरुद्ध त्यांना वापरता येईल का?

असतात. आणि बहुधा तुम्ही ते खाल्लेलेही आहेत. अर्धा किलो भेंडीत एखादी फिकट पिवळट, टोक मोडायला गेलं तर न मोडणारी निघते ना, ती बरेचदा हळद्या पडलेल्या झाडाची असते. (काही भागांत याच रोगाला केवडा म्हणतात.) त्या झाडाचं पान उन्हासमोर धरून बघा. आधी मुख्य शिरा पिवळ्या पडतात, मग त्यांच्या फांद्या, मग फांद्यांच्या फांद्या. मधली हिरवी घरं तशीच राहतात, त्यामुळे पान जाळी विणल्यासारखं दिसतं. शेवटी हिरवा रंगही विरतो.

मी वनस्पतींवरच्या विषाणूंच्या निदानाचं काम करतो. अशा पानातून डीएनए काढून, पीसीआरनं (हव्या त्या तुकड्याच्या भरपूर नकला काढायची पद्धत) वाढवून जेलवर, म्हणजे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या थरावर, चालवला की विषाणूची पट्टी मिळतेच, पण वेगळा प्रायमर (कुठला तुकडा वाढवायचा ते ठरवणारा छोटा डीएनए) वापरला तर 1350 अक्षरांच्या (डीएनए ज्या घटकांच्या माळेनं बनतो ते घटक) आसपास आणखी एक पट्टी उमटते. हा तो पाहुणा. नाव बीटासॅटेलाइट.

या रोगाची पहिली नोंद 1924 सालची, आपल्याच मुंबई इलाख्यातली. तो विषाणूजन्य आहे हे 1940 मध्ये दाखवलं गेलं. आणि 2003 मध्ये कळलं की एकटा विषाणू भेंडीत घातला तर पानं जराशी वळतात, बस्स. पिवळ्या शिरा हव्या असतील तर सोबत हा तुकडा लागतो. म्हणजे ज्या लक्षणावरून आपण रोगाला नाव दिलं, ते लक्षण पाहुण्याचं होतं!

'सॅटेलाइट' हा शब्द याहून जुना. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात कॅसानिस या विषाणूतज्ज्ञांनी 1962 मध्ये तंबाखूच्या एका विषाणूसोबत सापडणारा छोटा विषाणू असा ओळखला, ज्याला स्वतःचं कवच बनवता येतं पण स्वतःची नक्कल करता येत नाही. मला मात्र 'उपग्रह'पेक्षा 'पोटभाडेकरू' जास्त पटतं. झाड घरमालक, विषाणू भाडेकरू, आणि हा भाडेकरूच्या खोलीत येऊन राहिलेला. घरमालकाशी याचा करार नाही, पण घराची मोडतोड तोच जास्त करतो.

आता हे बदलतात कसे? पोटभाडेकरूला तीन जणांचं मन राखावं लागतं.

पहिला, विषाणू. नक्कल करायची यंत्रणा त्याच्याकडे, आणि एका झाडातून दुसऱ्यात जायची गाडीही त्याचीच, कारण पांढरी माशी विषाणूचं प्रथिनांचं कवच ओळखते. या कवचाचं माप ठरलेलं असतं. भेंडीच्या विषाणूच्या कुळात पूर्ण डीएनए सुमारे 2,750 अक्षरांचा असतो आणि कवच म्हणजे दोन गोळे जोडल्यासारखं. त्या आकड्याचा अर्धा केला की 1,375. बीटासॅटेलाइट नेमका तेवढ्यात बसतो. योगायोग वाटतो? याच विषाणूंवर जगणारा आणखी एक गट आहे, अल्फासॅटेलाइट. त्याचं नक्कल करणारं जनुक केळीवर पर्णगुच्छ आणणाऱ्या विषाणूच्या कुळातल्या जनुकाशी मिळतंजुळतं आहे. पण त्या कुळातले डीएनएचे तुकडे जेमतेम 1,000 ते 1,100 अक्षरांचे. नव्या घरी आलेल्या या तुकड्यात 'ए' या अक्षराची गर्दी असलेला एक पट्टा दिसतो, आणि लांबी पुन्हा 1,375 च्या आसपास. डबा मोठा मिळाला तेव्हा उरलेल्या जागेत कागदाचा बोळा कोंबावा, तसा तो पट्टा. उत्क्रांतीतली निवड काय करते हे समजावताना मी सगळ्यात आधी हेच उदाहरण देतो. इथे हुशारीचा प्रश्नच नाही, डब्यात जो मावला तो पुढे गेला.

दुसरं, झाड. परक्या आरएनएचे (डीएनएचा भाऊबंद, जनुकाचा निरोप वाहणारा रेणू) तुकडे करून त्याला गप्प करायची झाडाची पद्धत असते. बीटासॅटेलाइटकडे एकच महत्त्वाचं जनुक आहे, बीटासी1. त्याचं प्रथिन ही पद्धत लंगडी करतं. म्हणजे पोटभाडेकरू भाडं भरतो: विषाणूला झाडाच्या बंदोबस्तापासून वाचवतो. चीनमधल्या टोमॅटोच्या एका विषाणूसोबतच्या बीटासी1 वर 2008 मध्ये प्रसिद्ध झालेलं काम तर आणखी मजेशीर आहे. ते प्रथिन पानाचा आकार ठरवणाऱ्या झाडाच्याच एका प्रथिनाला जाऊन चिकटतं. त्यानं पान वळतं आणि किडीविरुद्धचा झाडाचा जॅस्मोनिक आम्लाचा (झाडातला धोक्याचा इशारा देणारा पदार्थ) प्रतिसादही मंदावतो.

तिसरी अर्थातच माशी. झाडाचा प्रतिसाद मंदावला की तिचं फावतं, आणि ती वाढली की विषाणू व तुकडा दोघंही पसरतात.

म्हणूनच 'परजीवी' हा शब्द इथे थोडा फसवा आहे. विषाणूच्या बाजूनं बघितलं तर बीटासॅटेलाइट कामाचा माणूस. तो एकनिष्ठ मात्र नाही. एकाच बीटासॅटेलाइटला वेगवेगळे विषाणू चालतात, त्यामुळे एका पेशीत दोन-तीन विषाणू आले की नवी जोडी जमते, कधी तुकड्यांची अदलाबदलही होते. पाकिस्तानातल्या कापसानं हे सोसलं. मुलतानकडे 1990च्या दशकात पानं मुरडण्याच्या रोगानं कापूस झोपवला. सोबत बरेच विषाणू सापडले, पण बीटासॅटेलाइट एकच. रोगाला दाद न देणारी वाणं आली, दिलासा मिळाला. मग 2001 मध्ये बुरेवालाकडे त्याच वाणांवर रोग परतला. विषाणू दोन जुन्या विषाणूंच्या जोडकामातून झालेला होता. आणि बीटासॅटेलाइटमध्ये एक छोटा पट्टा टोमॅटोकडच्या बीटासॅटेलाइटमधून आलेला होता.

हे प्रकरण किती जुनं? जपानच्या सम्राज्ञीनं इ.स. 752 मध्ये उन्हाळ्यातच पिवळ्या पडलेल्या एका रानझाडाबद्दल कविता केली होती. त्या जातीच्या झाडांवरचा पिवळ्या शिरांचा रोग तपासला तेव्हा तिथेही हीच जोडी निघाली: विषाणू आणि बीटासॅटेलाइट.

आतापर्यंत डीएनएवाले झाले. आरएनएवाले मला जास्त अचाट वाटतात, कारण त्यातल्या काहींकडे प्रथिन बनवणारं एकही कामाचं जनुक नसतं. काकडीच्या मोझॅक विषाणूसोबत (केळीवाले ज्याला सीएमव्ही म्हणतात तोच) 330 ते 400 अक्षरांचा एक उपग्रह आरएनए सापडतो. नुसती दोरी, स्वतःभोवती घट्ट गुंडाळलेली. तिच्या नकला काढताना चुका भरपूर होतात. त्यातली जी चूक गुंडाळी सोडवते ती मरते, बाकीच्या चालून जातात.

जपानात सापडलेल्या अशाच एका उपग्रहामुळे तंबाखू झगझगीत पिवळी पडते. का, ते 2011 मध्ये दोन गटांनी दाखवलं. झाड परक्या आरएनएचे तुकडे करतं म्हटलं ना, त्यातला 22 अक्षरांचा एक तुकडा तंबाखूच्या हरितद्रव्य बनवणाऱ्या एका जनुकाशी जुळतो. मग झाड आपल्याच हत्यारानं आपलंच जनुक बंद करतं. ज्या झाडांत ती अक्षरं जुळत नाहीत, तिथे पिवळेपणा नाही. आणि 2021 मध्ये जपानमधल्या संशोधकांनी दाखवलं की त्या पिवळ्या झाडांकडे मावा आकर्षित होतो, त्यावर वाढलेला मावा लालसर होतो आणि त्याला पंख फुटतात. पंख फुटलेला मावा म्हणजे पुढच्या शेताचं तिकीट. एकही प्रथिन नसलेल्या दोरीनं किडीला पंख फुटावेत, हे वाचून मी तो लेख लगेच पुन्हा पहिल्यापासून वाचला होता.

राहिला उपयोगाचा प्रश्न. काकडीच्या याच मोझॅक विषाणूचे काही उपग्रह रोग सौम्य करतात. ते नकलेची यंत्रणा आपल्याकडे ओढतात, विषाणूच्या वाट्याला कमी येते. चीनमध्ये 1980च्या दशकात असा सौम्य उपग्रह असलेला विषाणू मिरची-टोमॅटोवर मुद्दाम टोचून पिकं वाचवायचा प्रयत्न झाला, आणि गुण आला. पण फ्रान्सच्या अल्सासमध्ये 1972 साली टोमॅटोची झाडं उभ्या उभ्या करपून गेली, तीही याच विषाणूच्या एका उपग्रह आरएनएमुळे. सौम्य आणि मारक प्रकारांत फरक किती? प्रयोगशाळेत काही मोजकी अक्षरं बदलून सौम्याचा मारक करून दाखवलेला आहे. आणि वर सांगितलंच, या दोरीच्या नकलेत चुका भरपूर होतात.

माझ्या घरच्या टोमॅटोला कुणी सौम्य उपग्रह टोचायला आला तर मी नको म्हणेन. पिवळे चिकट सापळे, रोगट झाड दिसलं की लगेच उपटणं, आणि तगडं वाण शोधत राहणं, एवढंच मी करतो.