रेकॉर्ड धुवायचं मशीन कुठलं घेऊ?

प्रश्न: बाबांच्या नाट्यसंगीताच्या एलपी आणि आजोबांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या माळ्यावरून काढल्यात, बुरशी धरलीय, नुसत्या खरखरतात. अल्ट्रासॉनिक (पाण्यात ध्वनिलहरी सोडून धुणारं) मशीन घेऊ का?

उत्तर: एवढा खर्च कशाला हो! व्हॅक्यूमवालं बघा, ब्रशने लिक्विड खाचांत फिरवायचं आणि मशीन ते घाणीसकट ओढून घेतं, आवाज मिक्सरसारखा करतं पण रेकॉर्ड लगेच कोरडी. बजेट कमी असेल तर स्पिन-क्लीन ब्रँडचा टब पण चालतो, त्यात रेकॉर्ड हाताने फिरवून धुवायची, फक्त नंतर वाळवत बसावं लागतं. पाणी मात्र डिस्टिल्डच, नळाच्या पाण्यातले क्षार खाचांत बसतात. आणि ७८वाल्यांना अल्कोहोलचं लिक्विड अजिबात लावू नका, त्यांच्यात लाख असते, ती अल्कोहोलमध्ये विरघळते! धुतल्यावर जुन्याच पाकिटात कोंबू नका, बुरशी तिथेही असतेच.