डिप्लोमा सिव्हिलनंतर बेळगावात एस्टिमेटरचं, म्हणजे बांधकामाचा खर्च आधी काढून देण्याचं, काम धरावं का? आधी साइट करावी की ऑफिस? कन्नड येत नसेल तर चालतं का?

चालतं, पण एकदा मला ते चांगलंच महागात पडलंय. मी बेळगावात एका कंत्राटदाराकडे अकरा वर्षं हेच करतोय.

क्वांटिटी, म्हणजे कुठला माल किती लागेल ते, काढणं सहा महिन्यांत जमतं. सळईच्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे १२ एमएमची सळई मीटरला ०.८८८ किलो. प्लास्टरमध्ये अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचं ओपनिंग (दार, खिडकी) वजा करायचं नाही, त्यापुढे ३ चौरस मीटरपर्यंत एकाच बाजूचं. हे प्लास्टरचं आयएस १२०० मध्ये, म्हणजे बांधकाम मोजण्याच्या भारतीय मानकात, छापलेलंच आहे. डोकं खातात ते दर.

घराचा एकच नकाशा घ्या. खानापूरकडे जांभ्याचा चिरा जवळ मिळतो, पण पावसाळ्यात काम रखडतं आणि सेंट्रिंगचं (काँक्रीटच्या साच्याच्या फळ्या-टेकूंचं) भाडं तेवढं चालू राहतं. तोच नकाशा अथणीला नेलात की खाली काळी माती, पाया कुठवर जाईल ते खड्डा मारल्याशिवाय कळत नाही, आणि चिरा तिथवर न्यायचा तर भाड्यातच मेलात. त्यामुळे कुणी चौरस फुटाचा एकच भाव सांगायला लागला की मी चहा संपवून उठतो.

आता माझी फजिती. आमच्याकडे टेंडर घनमीटरमध्ये येतं, टिपरवाला ब्रासमध्ये बोलतो (१०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर) आणि क्रशरवर, म्हणजे दगड फोडून खडी करतात तिथं, वजनकाटा असल्यामुळे भाव टनाला. दुसऱ्या वर्षी चिकोडीकडच्या एका कामासाठी मी क्रशरला फोन करून एम सँडचा, म्हणजे दगड दळून केलेल्या वाळूचा, भाव विचारला. पलीकडचा कन्नडच बोलणारा. आकडा मला बरोबर कळला, पण तो कशाचा हे काही मी विचारलं नाही. टनाचा भाव सरळ घनमीटरच्या रकान्यात टाकला. एक घनमीटर एम सँड भरते साधारण पावणेदोन टन. म्हणजे वाळूचे निम्म्याहून थोडे जास्त पैसे धरले, बाकीचे हवेत.

टेंडर उघडलं, आम्ही लोएस्ट! ऑफिसात पेढे आले. दुसऱ्या नंबरचा आकडा बघून मालक तेवढे गप्प झाले. रात्री शीट उघडून बसलो तेव्हा चूक सापडली. तोवर काम गळ्यात पडलं होतं, ते तोट्यात पुरं केलं. मालक ओरडले नाहीत, हे मात्र त्यांचं मोठेपण. तेव्हापासून मरळू असो की जल्ली, म्हणजे वाळू असो की खडी, भाव ऐकला की माझा पुढचा प्रश्न ठरलेला: ‘टन्निगे? ब्रासिगे?’ एवढं कन्नड तरी शिकाच. निपाणी, खानापूरला मराठीवर निभतं. अथणी, गोकाककडे नाही.

भाव जुने ठेवायचे नाहीत हेही आलंच. २२ सप्टेंबर २०२५ ला सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, तेव्हा आमच्या अर्ध्या शीट नव्यानं कराव्या लागल्या.

साइट की ऑफिस विचारताय, तर आधी दोन वर्षं साइट करा. एका दिवसात गवंडी किती वीटकाम उचलतो, सळईचे किती तुकडे भंगारात जातात, हे स्वतः बघितलेलं नसेल तर वेस्टेज किती धरायचं ते कळणारच नाही. एक्सेल काय, कुणीही शिकतं.

मुलाखतीला जाताना स्केल आणि कॅल्क्युलेटर जवळ ठेवा. आमच्याकडे तरी जिन्याचं ड्रॉइंग पुढ्यात टाकतात आणि काँक्रीट काढायला सांगतात. वेस्ट स्लॅबची, म्हणजे पायऱ्यांखालच्या तिरप्या स्लॅबची, जाडी उताराला काटकोनात धरायची, उभी नाही. बहुतेक पोरं तिथंच अडकतात.