घाईत पाच दशकं की शांतपणे एक?

"आमच्या घरी रोज रोझरी होते, पण ती नुसती उरकली जाते. मुलांना मराठी धड येत नाही, नवऱ्याचं लक्ष घड्याळाकडे, माझं उद्याच्या डब्यांत. अशा रोझरीने श्रद्धा वाढते तरी का?" टोरांटोजवळ राहणाऱ्या, मूळच्या वसईच्या एका आईने हे विचारलं आहे. रोझरी म्हणजे मण्यांच्या माळेवर म्हणायची मरियेची प्रार्थना. तिची पाच दशकं असतात, दर दशकात दहा मणी, दर मण्याला एक 'नमो मरिया', आणि दर दशकासोबत येशूच्या किंवा मरियेच्या आयुष्यातला एक प्रसंग, म्हणजे एक रहस्य, मनात आणायचं.

ताई, रोझरी सोडू नका. कमी करा. आठवड्यातले कामाचे दिवस एकच दशक म्हणा, दहाच मणी, पण त्या दहा मण्यांत ठरलेलं रहस्य खरोखर डोळ्यांपुढे आणा. पाचही दशकं रविवारी म्हणा, जेव्हा कुणाला कुठे पळायचं नसतं. यात भक्ती कमी होते असं मला मुळीच वाटत नाही. पोप सहावे पॉल यांनी १९७४ मध्येच लिहून ठेवलं आहे, की चिंतनाविना रोझरी म्हणजे आत्म्याविना शरीर. नमो मरिया ओठांवर चालू राहते, बोटं मण्यांवर सरकत राहतात आणि तेवढ्या वेळात मनाला येशूच्या आयुष्यातल्या एका प्रसंगापाशी थांबायला सवड मिळते. घाई केली की नेमकी ही सवडच जाते.

करायचं काय, तर आधी रहस्याचं नाव घ्या. मग बायबलमधल्या शुभवर्तमानातल्या त्या प्रसंगाच्या दोन-चार ओळी कुणीतरी मोठ्याने वाचा. मग अर्धा मिनिट सगळे गप्प. आणि मग प्रभूची प्रार्थना व दहा नमो मरिया. वाचन आणि शांतता यांचा आग्रह पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००२ च्या आपल्या पत्रात धरला होता. रहस्यांचे वारांप्रमाणे पाच-पाचांचे संच ठरलेले आहेत; त्यातली गुरुवारची प्रकाशाची रहस्ये त्याच पत्राने आली. गावी आजी रोझरी सांगायची तेव्हा हे वाचन सहसा नसायचं, हे खरं आहे. पण तिला ते प्रसंग पाठ होते. आपल्या मुलांना ते अजून माहीत व्हायचे आहेत.

त्या दिवसाच्या पाच रहस्यांपैकी कुठलं घ्यायचं, ते घरात त्या दिवशी काय चाललंय ते बघून ठरवा. समजा सोमवार आहे, आनंदाची रहस्ये आहेत आणि तुमच्या बारा वर्षांच्या मुलाने दुपारी तोंडावर दार आपटलंय. पाचवं रहस्य घ्या. येशूही बाराच वर्षांचा आहे. आईबाप यरुशलेमहून परतताना एक दिवसाची वाट चालून गेल्यावर त्यांना कळतं, की मुलगा सोबत नाही. मग यरुशलेमला परत येणं, शोधाशोध, आणि तीन दिवसांनी तो मंदिरात गुरुजनांमध्ये बसलेला सापडणं. मरिया त्याला विचारते, तू आमच्याशी असा का वागलास? तो उत्तर देतो, आणि शुभवर्तमान लिहिणारा लूक सरळ लिहितो, की ते उत्तर त्यांना समजलं नाही. मरियेलासुद्धा मुलाचं बोलणं समजलं नव्हतं! तिने ते मनात जपून ठेवलं, आणि मुलगा त्यांच्यासोबत नासरेथला घरी गेला. परक्या देशात वाढणाऱ्या मुलांच्या आईबापांना या पाच-सहा ओळींत किती आधार आहे, ते दहा मणी संपेपर्यंत त्यांच्यासोबत बसल्याशिवाय कळायचं नाही. मुलालाही सांगा, की हे रहस्य आज मी तुझ्यासाठी घेतलंय. त्याच्यावर प्रवचन मात्र झाडू नका.

घरात बाळ येणार असेल तर दुसरं रहस्य घ्या: मरिया डोंगराळ भागातल्या आपल्या गरोदर नातलग एलिझाबेथकडे लगबगीने जाते आणि सुमारे तीन महिने राहते. सुनेच्या किंवा लेकीच्या बाळंतपणासाठी वसईहून विमानात बसणाऱ्या आपल्या आयांना हा प्रवास कुणी समजावून सांगायला नको. आणि गावी वडील अत्यवस्थ आहेत, तिकीट मिळत नाही, अंत्यविधी फोनच्या पडद्यावरच बघावा लागणार, अशा रात्री दुःखाचं पाचवं रहस्य, येशूचं क्रुसावरचं मरण. क्रुसापाशी मरियेच्या हातात काहीच नव्हतं. ती तिथे उभी राहिली. तुम्हीही त्या रात्री तेवढंच करा, शब्द सुचले नाहीत तरी चालेल.

भाषेची अडचण रोझरीच सोडवते. नमो मरियेचे दोन भाग आहेत. पहिला सांगणारा म्हणतो, दुसरा बाकीचे. मोठ्यांनी पहिला भाग मराठीत म्हणावा, मुलांनी दुसरा इंग्रजीत. वर्षभरात मराठी भाग कानांवरूनच त्यांचा पाठ होतो. मग अदलाबदल करा. आजी व्हिडिओ कॉलवर असेल तर एका सुरात म्हणायचा प्रयत्न करू नका, आवाज मागेपुढे येतो आणि सगळे गोंधळतात. पहिला भाग आजीचा, उत्तर तुमचं. वसईत संध्याकाळी साडेसातला रोझरी होत असेल तर टोरांटोत उन्हाळ्यात सकाळचे दहा, हिवाळ्यात नऊ वाजलेले असतात. शनिवारी हे सहज जमतं. मेलबर्नवाल्यांना मात्र ही वेळ मध्यरात्रीची पडते. त्यांनी आजीला वसईच्या वेळेने सकाळी सहाला गाठावं.

लक्ष भरकटतं म्हणून स्वतःला दोष देत बसू नका. लिझ्यूची संत तेरेजा, जिला चर्चने धर्मपंडिता म्हणून गौरवलं, तिनेही लिहून ठेवलंय, की प्रायश्चित्ताचं साधन अंगावर घालण्यापेक्षा रोझरी म्हणणं तिला जड जातं. तरीही ती म्हणत राहिली. डब्यांची आठवण आली तर येऊ दे. पुढच्या मण्यावर परत या.

नवरा किंवा बायको ख्रिस्ती नसेल तर बोलावणं असावं, सक्ती नको. मोठी मुलं यायला कुरकुर करत असतील, तर त्यांना ओढून बसवण्याऐवजी वाचन त्यांच्याकडे द्या, आणि कुठलं रहस्य घ्यायचं तेही आठवड्यातून एकदा त्यांनाच ठरवू द्या. त्यांनी का निवडलं ते विचारा, आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मधे बोलू नका.