आधी तो जुना सेट बाजूला ठेव

भाऊ, मोंढ्यातल्या दुकानात कॉर्डलेस फोन बसवतोय म्हणालास, बसव की. सुरुवातीला दोन-तीनच गोष्टी बघ.

जुना ॲनालॉग सेट कुणी फुकट दिला तरी घेऊ नको. ४६-४९ मेगाहर्ट्झवाल्या सेटचं बोलणं हवेत उघडंच जातं, साध्या स्कॅनर रेडिओवर ऐकू येतं. जालन्यात माझ्या पहिल्या सेटवर शेजारच्यांच्या सोयरिकीच्या गप्पा यायच्या. म्हणजे माझा सोयाबीनचा भाव तिकडं जातच असणार!

डेक्ट, म्हणजे डिजिटल प्रकारचा कॉर्डलेस घे. पण खोक्यावर 'डिजिटल' वाचलं की नवीन माणूस निर्धास्त होतो, तिथंच चुकतं. २००८ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं, की बरेच डेक्ट फोन एन्क्रिप्शन, म्हणजे बोलणं गुप्त सांकेतिक रूपात पाठवायची सोय, वापरतच नाहीत. लॅपटॉपच्या स्वस्त कार्डावर ते ऐकता येतात. म्हणून एन्क्रिप्शन आहे का, ते माहितीपत्रकात शोध.

बेसचा, म्हणजे फोनच्या तारेला जोडलेल्या भागाचा, पिन बहुधा ०००० असतो. पहिल्याच दिवशी बदल.

आणि हो, एन्क्रिप्शन हँडसेटपासून बेसपर्यंतच. पुढची तार उघडीच राहते. ओटीपी तर कुठल्याच फोनवर सांगू नको.

एन्क्रिप्शन नेमकं कोणत्या पद्धतीनं होतं ते नंतर बोलू, आधी सेट तर आण.