मागच्या प्लॉटमधलं पिवळं फूल : बला की मुद्रा?

प्रश्न : आम्ही जुळे सोलापुरात राहतो. घरामागच्या रिकाम्या प्लॉटमध्ये छातीएवढी झुडपं माजलीत, पान मखमलीसारखं, फूल पिवळं आणि फळ मशीनच्या दातेरी चाकासारखं. शेजारच्या काकू म्हणतात ही बला, मूळ दुधात उकळून घे, कंबर राहते. सासरे म्हणतात उपटून टाक. सकाळी फोटो काढायला गेले तर एक फूल उघडं नव्हतं. काय करू? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, फूल सकाळी मिटलेलं होतं ना, तिथंच अर्धं उत्तर मिळालं बघा. ही बला नाही, ही मुद्रा, कुणी पेटारी म्हणतं, आयुर्वेदात अतिबला. हिचं फूल दुपार कलल्यावर उघडतं, चार-पाचला चहा घेऊन जा, मग काढा फोटो. बला म्हणजे आपला चिकणा, तो बुटका, फूल बारीक आणि फिकट, ते दिवसा उघडतं, आणि त्याच्या बियांना दोन-दोन टोकं असतात म्हणून साडीला चिकटतात. दोघी भेंडी-जास्वंदीच्याच घरातल्या, त्यामुळे काकूंचं चुकलं तरी फार लांब चुकलं नाही.

खात्री करायची तर ते चाक हातात घेऊन कप्पे मोजा, साधारण पंधरा ते वीस भरतात. ओल्या मातीवर दाबलं की शिक्का उठतो, मुद्रा नाव त्यावरूनच. लहानपणी आम्ही चिखलाच्या भाकरीवर हेच शिक्के मारायचो, आणि कुणाचा नीट उठला यावर भांडणं!

दुधातल्या मुळाचं मात्र राहू द्या. औषधी आहे हे खरं, पण झाडच ओळखताना घोळ होतोय तिथं मात्रा कोण सांगणार? कंबर वैद्यांना नाहीतर डॉक्टरांना दाखवा.

आता सासऱ्यांचं. ते अर्धे बरोबर आहेत. कापसावरची पांढरी कीड, पिठ्या ढेकूण म्हणतात ती, या झाडावर मुक्काम करते, तुमच्या कुंडीत भेंडी किंवा जास्वंद असेल तर तिकडे येणारच. एखादं झुडूप लांब कोपऱ्यात ठेवा हौस म्हणून, बाकीची झुडपं, फळं काळी पडून बी सांडायच्या आत काढा. फांदी मोडत बसू नका, ती तुटत नाही, नुसती साल दोरीसारखी सोलत येते, मुळासकट ओढा आणि तेही पाऊस पडून गेल्यावर, उन्हाळ्यात आपली काळी माती अशी आवळते की टिकाव मारला तरी मूळ सोडत नाही.