नाशिकमध्ये बी.फार्म. करायचं तर अर्ज कोणत्या विद्यापीठाकडे करायचा आणि काय काय लागतं?

तुम्ही विचारलंय की बहीण सटाण्याला बारावी सायन्स झाली, ग्रुप पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी), प्रवर्ग ओबीसी, नीटला मार्क कमी पडले आणि सीईटीचा फॉर्म भरलाच नव्हता. नाशिकला दोन विद्यापीठं आहेत, तर त्यातल्या कुठल्या विद्यापीठात अर्ज करायचा?

दोन्हीकडे नाही. म्हसरूळचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ एमबीबीएस, बीएएमएस, नर्सिंग वगैरेंचं आहे, बी.फार्म., म्हणजे फार्मसीची पदवी, त्याच्याकडे नाही. गंगापूर धरणाजवळच्या मुक्त विद्यापीठाचा तर प्रश्नच येत नाही, फार्मसी घरी बसून होत नाही. नाशिक जिल्ह्यातली बहुतेक बी.फार्म. कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला संलग्न आहेत. शिकायचं नाशिकला आणि पदवीवर नाव पुण्याचं, असा प्रकार आहे. अर्ज मात्र पुण्यालाही जात नाही. तो राज्याच्या सीईटी सेलकडे ऑनलाइन भरायचा आणि कॅप राउंडमधून, म्हणजे सगळ्या कॉलेजांच्या एकत्रित प्रवेश फेऱ्यांतून, कॉलेज मिळवायचं. मी स्वतः बी.फार्म. नाशिकलाच केलं, आता अंबडला एका औषध कंपनीत क्वालिटीत आहे, आणि ओळखीपाळखीच्या मुलांचे फॉर्म भरून द्यायचं काम दर पावसाळ्यात माझ्याच गळ्यात पडतं. त्या अनुभवावर पुढचं सांगतो.

मार्कांची अट फार कडक नाही. फिजिक्स आणि केमिस्ट्री सक्तीचे, सोबत बायोलॉजी किंवा मॅथ्स. या तिन्ही विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्गाला आणि ईडब्ल्यूएसला (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) ४० टक्के. बोर्डाच्या हिशोबाने ३०० पैकी १३५ किंवा १२०, प्रॅक्टिकल धरून. मराठी, इंग्रजीच्या मार्कांनी बारावीची टक्केवारी कितीही फुगलेली असो, इथे बघतात ती या तीन विषयांचीच बेरीज. बहिणीची मार्कशीट काढून ती आधी करा.

नीटचा स्कोअर चालतो. पण यादीत आधी सीईटीवाले लागतात आणि नीटवाले त्यांच्यानंतर. म्हणजे बहीण पात्र आहे, पण चांगल्या कॉलेजातल्या जागा तिच्यापर्यंत येईतो उरतील याचा भरवसा नाही. पुढच्या वर्षाची तयारी असेल तर एमएचटी-सीईटी पीसीबी ग्रुपने द्यायला सांगा. २०० मार्क, त्यातले १०० एकट्या बायोलॉजीचे, निगेटिव्ह मार्किंग नाही, आणि साधारण ८० टक्के भाग बारावीचाच. नीटचा अभ्यास झालेल्या मुलीला हा पेपर जड जाऊ नये.

आता कागदपत्रं. मार्क असूनही पोरं गोत्यात येतात ती इथे. ओबीसीतून जागा हवी तर जातीचा दाखला एकटा पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्रही लागतं, ज्याला सगळे नुसतं ‘व्हॅलिडिटी’ म्हणतात. त्यासाठी ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा जातीचा आणि वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. आजोबांचा शाळेचा दाखला, जन्म-मृत्यूच्या नोंदी, जुने महसुली कागद, जे मिळेल ते. वडील, काका, चुलतभाऊ यांपैकी कुणाची व्हॅलिडिटी झालेली असेल तर काम बरंच सोपं होतं. अर्ज ऑनलाइन भरतात, जात पडताळणी समितीचं कार्यालय नाशिकला नासर्डी पुलाजवळच्या सामाजिक न्याय भवनात आहे. हे काम बारावीत असतानाच ज्युनियर कॉलेजमार्फत उरकायचं असतं. निकालानंतर धावपळ सुरू केली तर समितीची तारीख आणि कॅपची तारीख जुळेलच असं नाही. बहिणीची व्हॅलिडिटी झाली नसेल तर हे उत्तर पुढे वाचण्याआधी तो अर्ज टाका, मी थांबतो.

नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नाही याचा दाखला, पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेलं लागतं. गेल्या वर्षी कुठल्याशा शिष्यवृत्तीसाठी काढलेलं असेल तर त्यावरची तारीख बघा. व्हॅलिडिटी किंवा नॉन-क्रिमीलेअर हातात नसेल तर सुरुवातीला अर्जाच्या पावतीवर फॉर्म घेतात, पण मुदतीत मूळ प्रमाणपत्र दिलं नाही की थेट खुल्या प्रवर्गात टाकतात. डोमिसाइलसाठी, म्हणजे महाराष्ट्राचे रहिवासी असल्याच्या दाखल्यासाठी, मात्र फार घाबरू नका. दहावी-बारावी महाराष्ट्रात झाली असेल आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मठिकाण महाराष्ट्रातलं, राष्ट्रीयत्व भारतीय असं लिहिलेलं असेल तर तेवढ्यावर भागतं.

कॉलेज निवडताना आधी फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता बघा, इमारत नंतर. नवीन कॉलेजांवर घातलेली बंदी २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टातही टिकली नाही, त्यानंतर गावोगाव फार्मसी कॉलेजं उघडली. काही चांगली असतीलही, पण मी असतो तर जुन्यांकडे आधी बघितलं असतं: गंगापूर रोडचं मविप्रचं, गोखले सोसायटीचं, आडगावचं एमईटीचं. तुम्हाला सटाण्याहून चांदवडचं जैन गुरुकुलचं कॉलेजही सोयीचं पडेल. त्र्यंबक रस्त्यावर एकाच आवारात दोन प्रकार आहेत, पुणे विद्यापीठाशी संलग्न फार्मसी इन्स्टिट्यूट आणि संदीप हे खासगी विद्यापीठ. खासगी विद्यापीठाची प्रवेशपद्धत आणि पदवी त्याची स्वतःची असते, हे ध्यानात ठेवा.

हा फरक तुमच्या बहिणीला पैशातही जाणवेल. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस मुलींना कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण प्रवेश कॅपमधून झालेला असला तरच. मॅनेजमेंट कोट्याला आणि खासगी विद्यापीठाला ही सवलत नाही. कुणी एजंट ‘सीट पक्की करून देतो’ म्हणत आला तर त्याला आधी हेच विचारा.

पर्याय भरताना एक पथ्य पाळा. पहिल्या फेरीत पहिल्याच क्रमांकाचं कॉलेज लागलं तर ते घ्यावंच लागतं, नाही घेतलं तर पुढच्या कॅप फेऱ्यांतून नाव जातं. त्यामुळे खरंच जायचं असेल तेच वर टाका. आणि इंजिनिअरिंगवाल्यांचे वर्ग सुरू झाले तरी फार्मसीची यादी लागली नाही म्हणून हातपाय गाळू नका, गेली काही वर्षं ही प्रक्रिया रेंगाळतेच आहे.

दुसरी वाट डी.फार्म.ची. दोन वर्षांचा डिप्लोमा, सीईटी नाही, बारावीच्या मार्कांवर प्रवेश. पुढे बी.फार्म.च्या थेट दुसऱ्या वर्षाला म्हणजे तिसऱ्या सेमिस्टरला जाता येतं. एकूण पाच वर्षं होतात, म्हणजे बी.फार्म.पेक्षा एकच जास्त, आणि सीईटीसाठी गॅप घेतला तरी तेवढीच होणार. फक्त डिप्लोमावर फार्मासिस्ट म्हणून नोंदणी करायची झाल्यास २०२२ च्या नियमांप्रमाणे एक्झिट परीक्षा आहे, बी.फार्म.ला ती नाही. डी.फार्म.चा अर्ज तंत्रशिक्षण संचालनालयाकडे वेगळा भरायचा असतो, वेळापत्रकही वेगळं, म्हणून दोन्ही अर्ज भरून ठेवा. प्रवेश घेताना शाळा सोडल्याचा मूळ दाखला कॉलेजात जमा होतो. दुसरीकडे नंबर लागला तर तो आधी सोडवून आणावा लागेल, तेव्हा सगळ्या मूळ कागदांचे रंगीत स्कॅन आजच मोबाइलमध्ये काढून ठेवा.